कॉझमसचा हेल

पहाट निवळू लागली की एव्हरीन दुकानामागच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवी, कोकोची कांडी उकळत्या पाण्यात किसून घाली आणि वर दालचिनीचा तुकडा व तमालपत्र सोडी. तेवढ्या वेळात कॉझमस पुढची लाकडी झडप उचलून आकड्याला अडकवी, काउंटर ओल्या फडक्याने पुसे, बेकरीतून आलेले गरम पाव काचेच्या पेटीत रचे आणि साखरेच्या पुड्या बांधायला बसे. रस्त्याच्या खालच्या टोकाला समुद्र होता. मासे आलेले असले तर तिकडून शंख फुंकल्याचा आवाज येई. मग साखरेची पुडी अर्धवट सोडून कॉझमस दारात उभा राही आणि कोणाच्या होडीला काय मिळाले हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी.

थोड्या वेळाने गिऱ्हाइके येऊ लागत. बेटावरच्या आमच्या ग्वाव्ह गावात दुकानात पाऊल टाकताना प्रत्येक माणूस 'मॉर्निंग' म्हणतो. न म्हणणाऱ्याला घरी वळण लागलेले नाही असे आम्ही समजतो. शब्द एकच, पण तो म्हणण्याच्या तऱ्हा माणसागणिक वेगळ्या. शाळेच्या मास्तरणीचा 'मॉर्निंग' दार लावल्यासारखा तुटक असे. होडीवाल्या आल्बनच्या जाळ्यात रात्री काही आले नसले तर त्याचा 'मॉर्निंग' शेवटी खाली घसरून फरफटत येई. कॉझमस ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या सुरात उत्तर देई. पडद्याआड कोको ढवळणाऱ्या एव्हरीनला नवऱ्याच्या एका शब्दावरून कळे की कोण आले आहे, त्याचे कसे चालले आहे, आणि कॉझमसचा त्याच्यावर किती जीव आहे.

जीव जितका जास्त, तितकी शिवी मोठी. ही आमच्या गावाची रीत आहे. तोंडावर गोड बोलणाऱ्याला काहीतरी मागायचे असते असे आम्ही धरून चालतो. ज्याला आपला मानतो त्याची आम्ही खेचतो. या कामात कॉझमसचा हात धरणारा कोणी नव्हता. समुद्र खवळलेला असताना आल्बन उशिरा परतला की कॉझमस म्हणे, "आलास? आम्हाला वाटलं, माशांनी खाल्लं आणि गाव सुटलं एकदाचं." 'सुटलं' या शब्दावर त्याचा आवाज वर चढे, तिथे क्षणभर रेंगाळे आणि मग झोक्यासारखा खाली येई. त्या झोक्यात पहाटेपासूनची सगळी काळजी असे. आल्बनला ती ऐकू येई. तो हसून रमसाठी पेला पुढे करी.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर बाटल्यांचा क्रेट उचलताना कॉझमसचा डावा हात निसटला आणि तो जमिनीवर बसला. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. सेंट जॉर्जेसच्या इस्पितळातून तो घरी आला तेव्हा सगळ्यांनीच त्याला नशीबवान म्हटले. पाय चालत होता, डावा हात अशक्त असला तरी हलत होता, आणि वाचा शाबूत होती. नावे, उधाऱ्या, गावातली भांडणे, कोणाच्या लग्नात कोण पडले होते, सगळे त्याला आठवत होते. ब्रुकलिनला राहणाऱ्या मुलीला, जोझेटला, एव्हरीनने फोनवर तेच सांगितले: हलका झटका होता, बोलणे अगदी स्वच्छ आहे, तू धावत येऊ नकोस.

घरी आल्यानंतरच्या पहिल्याच दुपारी तो पलंगावर उशीला टेकून बसला होता. एव्हरीनने त्याला अळूच्या पानांचे सूप भरवले, भांडे खाली ठेवले, तेव्हा तो तिच्याकडे पाहून म्हणाला, "तू जेवलीस."

एव्हरीन चपापली. त्याच्या आधी तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन घास खाल्ले होते, कारण सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हते. तिला वाटले, तो तिच्यावर ठपका ठेवतो आहे. ती भांडे घेऊन आत गेली आणि नळाखाली ते गरजेपेक्षा जास्त वेळ घासत राहिली. तो विचारत होता हे तिला कळायला काही दिवस जावे लागले.

आमच्या बोलीत प्रश्नासाठी शब्दांची जागा हलवावी लागत नाही. 'तू जेवलीस' हे सांगणेही असते आणि विचारणेही. शेवटच्या शब्दाला आवाज उचलला की प्रश्न, खाली टेकवला की विधान. जी गोष्ट आपण जन्मापासून न शिकता करतो ती कोणाची नाहीशी होऊ शकते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. कॉझमसच्या आवाजातून चढ आणि उतार दोन्ही गेले होते. राहिली होती एक सपाट वाट, तिच्यावरून सगळे शब्द सारख्याच चालीने चालत. त्याचे आमंत्रण हुकमासारखे वाटे, काळजी तक्रारीसारखी, आणि थट्टा अपमानासारखी.

तो पुन्हा दुकानात बसू लागला तेव्हा याची झळ बाहेर लागली. पलीकडच्या गल्लीतली एक तरुण मुलगी पहिलेच बाळ घेऊन पाव न्यायला आली. कॉझमसने बाळाच्या तोंडावरचे कापड बाजूला केले, पाहिले आणि म्हणाला, "इतकं कुरूप पोर मी या गावात बघितलं नाही." आमच्याकडे देखण्या बाळाला असेच म्हणतात. दृष्ट लागण्याची भीती असते आणि लाडही असतो. म्हणतानाच्या लांबवलेल्या हेलावरून पोर किती सुंदर आहे ते आईला कळते. त्या मुलीला मात्र फक्त शब्द मिळाले. तिने पाव काउंटरवर तसेच ठेवले आणि ती निघून गेली. एव्हरीन ते पाव घेऊन तिच्यामागे धावली.

त्या दिवसापासून एव्हरीन त्याच्याशेजारी उभी राहू लागली. तो काही बोलला की ती लगेच पुढे म्हणे, "खेचतोय तुझी," किंवा "विचारतोय तो." गिऱ्हाईक हसे, पण त्या हसण्यात उशीर असे. कॉझमसला ते ऐकू येई. दुसऱ्यांच्या आवाजातले सगळे बारकावे त्याला पूर्वीसारखेच कळत होते, किंबहुना जास्तच. हळूहळू तो कमी बोलू लागला. लोकही पुडी घेऊन झटपट निघू लागले. आल्बन येत राहिला, पण तोही पेला हातात घेऊन दाराबाहेरच्या बाकावर बसू लागला.

दर रविवारी चर्चनंतर जोझेटचा फोन येई. चौदा वर्षे ती तिकडे वृद्धाश्रमात परिचारिकेचे काम करत होती. नवऱ्याशी तिचे बिनसले होते, मूलबाळ नव्हते. मेमधल्या एका रविवारी तिने आईला सांगितले की ग्वाव्हच्या आरोग्य केंद्रात परिचारिकेची जागा निघाली आहे, जूनअखेर कळवायचे आहे. मग तिने वडिलांना फोन द्यायला सांगितले; झटक्यानंतर तो फोनवर हो-नाहीपलीकडे बोलला नव्हता. आईजवळ ती सरळ बोले. वडिलांशी बोलण्याची तिची रीत वडिलांचीच होती.

"काय हो डॅडी," ती म्हणाली, "मी कायमची आले तर घरात मला जागा आहे, की मॅमीनं माझी खोली कोंबड्यांना दिली?"

एव्हरीन शेजारीच उभी होती. रिसीव्हरमधून मुलीचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. त्या आवाजात हसू होते आणि हसण्याच्या खाली एक धाकधूक होती, शेवटचा शब्द उंच टांगून ठेवलेला. कॉझमसलाही तो ऐकू आला. त्याचा चेहरा उजळला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या तोंडून उत्तर निघाले.

"कोंबड्या अंडी तरी देतात."

मग जोझेट म्हणाली, "बरं, डॅडी." आणि तिने फोन ठेवला.

कॉझमस रिसीव्हर हातात धरून उभा राहिला. आपण काय वेडेवाकडे बोललो ते त्याला समजेना. एव्हरीनला समजले. तिने त्याच दुपारी ब्रुकलिनला फोन लावला आणि सांगू लागली की तुझे वडील थट्टा करत होते, ते खूश झाले होते, मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. जोझेटने तिला मधेच थांबवले.

"मॅमी, जन्मभर तू हेच करत आलीस. ते एक बोलतात, तू दुसरंच सांगतेस. ह्या वेळी मी माझ्या कानांनी ऐकलंय. ते रागावले असते ना, तरी चाललं असतं मला. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं."

पुढच्या रविवारी तिचा फोन आला तो थोडक्यात आटोपला. तिने आरोग्य केंद्राचे नाव काढले नाही, आणि वडिलांना फोन दे असेही म्हणाली नाही.

गावातल्या नर्सने एव्हरीनला सांगितले की सेंट जॉर्जेसच्या इस्पितळात बार्बेडोसहून एक बाई येतात, बोलण्याचे दोष सुधारतात, त्यांना एकदा दाखवा. कॉझमसचे म्हणणे होते की आपले बोलणे सुधारण्याजोगे काही बिघडलेले नाही, लोकच चिडके झाले आहेत. तरी तो मिनीबसमध्ये बसला. चढताना 'मॉर्निंग' म्हणाला तेव्हा बसमधल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले.

त्या बाई, मिस ऑडल, तरुण, उंच आणि शांत होत्या. त्यांनी कॉझमसला फारसे तपासले नाही. टेबलावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि विचारले, तुमच्या गावात रोज कानांवर पडते असे एखादे छोटे वाक्य सांगा.

कॉझमस म्हणाला, "मासे आलेत."

हे वाक्य किती तऱ्हांनी म्हणतात, असे त्यांनी विचारले. कॉझमसने थोडा विचार केला आणि त्याच सपाट आवाजात समजावून सांगू लागला. किनाऱ्यावरून पळत येणारा पोरगा पहिलाच शब्द उंच फेकतो आणि शेवटाला धपकन खाली येतो, ती बातमी. खिडकीतली बाई शेवटचा शब्द वर उचलते, तो प्रश्न. काल शिळे मासे गळ्यात पडलेला माणूस वरून सुरू करतो, खाली उतरतो आणि पुन्हा जरासा वर वळतो. म्हणजे त्याचा विश्वास नाही. आणि नवरा अजून अंथरुणात असला की बायको तेच शब्द खालच्या पट्टीत, एकेक मोजून ठेवते, म्हणजे ऊठ. शब्द दोनच. बाकीचे सगळे आवाजाच्या वाटेवर.

मिस ऑडल लिहायचे थांबून ऐकत राहिल्या. मग त्यांनी एव्हरीनला ती चारही वाक्ये म्हणायला सांगितले. ती लाजली, पण म्हणाली. त्यानंतर कॉझमसने म्हटली. बाईंनी टेप मागे फिरवली.

यंत्रातून एव्हरीनच्या तोंडून चार वेगवेगळी माणसे बोलली. मग एक पुरुषी आवाज आला आणि त्याने चार वेळा एकच गोष्ट सांगितली.

"हा कोण माणूस आहे," कॉझमस म्हणाला.

मिस ऑडल गोंधळल्या. एव्हरीनने त्याच्या हातावर हात ठेवला. "तूच आहेस."

त्याने पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्यांदा त्याने कान यंत्राजवळ नेऊन ऐकले. मग म्हणाला की मला आतून सगळे नीट ऐकू येते. मी म्हणतो तेव्हा माझ्या डोक्यात चारही वेगळी असतात. "कुणाच्या तरी मयताला उभा राहून बोलतोय हा माणूस," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "ह्यानं जोझेटला कोंबड्यांचं सांगितलं."

एव्हरीनने मान हलवली.

मिस ऑडलनी त्यांना समजावले की शब्द रचणारा मेंदूचा भाग निराळा आणि त्यांना चाल लावणारा निराळा. तुमचा दुसरा दुखावला आहे. थोडे परत येईल, सगळे येईल असे मी सांगणार नाही. त्यांनी त्याला व्यायाम दिले. आधी नुसते गुणगुणायचे, वर जाताना उजवा हात छातीपासून खांद्यापर्यंत न्यायचा, खाली येताना उतरवायचा. प्रश्न विचारताना हनुवटी उचलायची, म्हणजे गळा आवाजाला वर ढकलायला मदत करतो. आणि जिथे चाल येणार नाही तिथे तिच्या जागी शब्द ठेवायचा. विचारायचे असेल तर आधी 'विचारतोय' म्हणायचे. थट्टा असेल तर 'थट्टा आहे' म्हणायचे. आनंद झाला असेल तर झाला म्हणून सांगायचे.

कॉझमसला हे शेवटचे मुळीच पटले नाही. "पाटी लावून थट्टा करायची," तो म्हणाला. "त्यापेक्षा मी तुमच्या बेटावर राहायला येतो. बार्बेडोसमध्ये लाडानं बोलले तरी भांडण वाटतं. तिथं खपून जाईन."

एव्हरीन घाईने म्हणाली, "खेचतोय हो तो तुमची."

"ते कळलं मला," मिस ऑडल हसून म्हणाल्या. "डोळे हसतायत त्यांचे. फोनवर डोळे दिसत नाहीत, एवढीच अडचण आहे."

जूनमध्ये तो रोज सकाळी पाव रचताना गुणगुणे. हात वर, हात खाली. हनुवटी पुरेशी उचलली तर आवाजाचे टोक कधी कधी जरासे वर सरके, पण मध्येच चिरके आणि तो स्वतःवर चिडे. शब्दांची वाट त्याने एकदाच धरून पाहिली. एका संध्याकाळी आल्बन नेहमीप्रमाणे बाकावर बसायला निघाला होता. कॉझमसने त्याला हाक मारून थांबवले आणि बाईंनी सांगितले होते तसे, आडपडदा न ठेवता म्हणाला, "आल्बन, तू रोज येतोस. मला बरं वाटतं. तू माझा चांगला मित्र आहेस."

आल्बनने पेला काउंटरवर ठेवला. त्याने कॉझमसचा हात धरून दाबला आणि तो घाईघाईने निघून गेला. अंधार पडायच्या आत चर्चच्या चार बायका प्रार्थनेची पुस्तके घेऊन दुकानाच्या दाराशी आल्या. त्यांच्यामागून आल्बनची बायको कोंबडीच्या सुपाचे भांडे घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. बायकांनी एव्हरीनला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारले की डॉक्टरांनी किती दिवस सांगितले आहेत.

एव्हरीनला आधी कळेना. कळले तेव्हा तिने तोंडावर अ‍ॅप्रन धरला आणि तिचे खांदे हलू लागले. बायकांना वाटले ती रडते आहे, त्यांनी तिला जवळ घेतले. ती हसत होती. फेब्रुवारीपासून ती इतकी हसली नव्हती. आल्बनला बोलावून आणून सगळे समजावून सांगेपर्यंत सूप गार झाले. आल्बन घाम पुसत म्हणाला, "चाळीस वर्षांत एक गोड शब्द बोलला नाही हा माणूस. मला काय वाटणार?" मग तो त्याच संध्याकाळी बाहेरच्या बाकावर न जाता आत काउंटरपाशी बसला, आणि 'तू मेला असतास तर उधारीवर कोण पाजणार होतं' असे म्हणून त्याने कॉझमसची मनसोक्त खेचली. कॉझमसने त्याचा पेला पुन्हा भरला. तो ऐकत होता. ऐकायला मिळत होते हेच त्याला पुष्कळ होते.

पण सगळे गेल्यावर त्याने एव्हरीनला सांगितले की हे आता पुन्हा नाही. थट्टा करावी तर लागते, सरळ बोलावे तर लोक शवपेटी आणतात. त्यापेक्षा गप्प बसणे बरे.

एव्हरीनने वाद घातला नाही. तिने फक्त आठवण करून दिली की महिना संपत आला आहे आणि जोझेटने अजून काही कळवलेले नाही.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही तो जुन्या गोष्टी आठवत राहिला. चौदा वर्षांपूर्वी विमानतळावर मुलीला निरोप देताना तो तिला म्हणाला होता की एवढे वजन विमानाला झेपेल का, ते एकदा विचारून घे. जोझेट हसली होती आणि हसता हसता त्याच्या खांद्यावर डोके ठेवून रडली होती. एवढे एकच वाक्य घेऊन ती गेली, आणि ते तिला पुरले. तू जाऊ नयेस असे मला वाटते, हे शब्द त्याने तेव्हा उच्चारले नव्हते. त्याच्या वडिलांनीही ते त्याच्यापाशी कधी उच्चारले नव्हते. ते आवाजात असत, म्हणून तोंडाने म्हणायची वेळच कधी आली नव्हती. आता म्हणायचे तर ते दुसऱ्याचे कपडे अंगावर चढवून मुलीसमोर उभे राहण्यासारखे होते. आणि न म्हणावे तर कोंबड्यांचे वाक्य हेच त्याचे शेवटचे उत्तर म्हणून तिच्याजवळ राहणार होते.

बुधवारी सकाळी गर्दी ओसरली तेव्हा त्याने हात पुसले आणि फोन पुढे ओढला. रात्रपाळी संपवून जोझेट त्या वेळी घरी येते हे त्याला माहीत होते. आजवर त्याने स्वतः तिला कधी फोन लावला नव्हता, लावायची एव्हरीन. ती पडदा सरकवून बाहेर आली.

"मी बोलू आधी?" तिने विचारले.

"नको."

ती मागे सरली, पण आत गेली नाही.

"जोझेट," तो म्हणाला, "डॅडी बोलतोय. मी मरत नाहीये. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट ऐकशील."

पलीकडून काही विचारले गेले. त्याने ते पूर्ण होऊ दिले.

"मॅमी बरी आहे, इथंच आहे. तू ऐक. कोंबड्यांचं बोललो ती थट्टा होती. त्या आजारात माझ्या आवाजातनं थट्टा निघून गेलीय. डोक्यात आहे, तोंडात उतरत नाही. तुला जे ऐकू आलं ते माझं नव्हतं." तो थांबला. कपाळावर घाम आला होता, तो त्याने मनगटाने पुसला. "आता सांगतोय ही थट्टा नाही. तू घरी यावंस असं मला वाटतं. तुझी मर्जी, वगैरे म्हणत नाही मी. मला तू इथं हवी आहेस. तू गेलीस तेव्हाही मला हेच वाटत होतं, तेव्हा बोललो नाही."

एकेक शब्द सारख्याच उंचीने गेला, जसा तो दुकानात पावांचा हिशेब सांगे तसा. एव्हरीन त्याच्या पाठीकडे पाहत होती. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती आणि असे बोलताना तिने त्याला ऐकले नव्हते. समजावून सांगायला तिच्यासाठी त्यात काही उरले नव्हते.

कॉझमसने रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला. मग म्हणाला, "तू रडतेस."

पलीकडे तो प्रश्न म्हणून पोचला नसावा, कारण तो अस्वस्थ झाला. त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, हनुवटी वर उचलली आणि पुन्हा म्हणाला, "तू रडतेस?" टोकाला आवाज वर चढला, मिसरूड फुटणाऱ्या मुलासारखा चिरकला, पण चढला.

जोझेटचे उत्तर एव्हरीनला ऐकू आले नाही. हसणे मात्र ऐकू आले, आणि त्या हसण्यात ओलावा होता.

फोन ठेवल्यावर कॉझमस स्टुलावर बसला. एव्हरीनने काही विचारायच्या आधीच त्याने सांगितले की ती आजच आरोग्य केंद्राला फोन करणार आहे, त्यांनी जागा दिली तर ख्रिसमसच्या आत येईल, नाही दिली तरी येऊन दुसरे काही पाहील.

"मला आनंद झालाय," तो म्हणाला.

"दिसतंय," एव्हरीन म्हणाली.

तो उठून मागच्या, एकेकाळच्या जोझेटच्या खोलीकडे गेला. गेली काही वर्षे तिथे बाटल्यांचे रिकामे क्रेट, रॉकेलचे डबे आणि जायफळाची जुनी पोती रचून ठेवलेली होती. खिडकी निम्मी झाकली गेली होती. त्याने वरचा क्रेट उजव्या हाताने ओढला, डाव्या हाताचा नुसता आधार दिला आणि तो सावकाश अंगणात नेऊन ठेवला. मग दुसरा आणायला आत गेला. दुकानात एक बाई 'मॉर्निंग' म्हणत आली. एव्हरीनने तिला साखर दिली, तिच्या मुलाची चौकशी केली, ती गेल्यावर काउंटरवरचे फडके झटकून वाळत घातले आणि मागे जाऊन क्रेटचे दुसरे टोक धरले.